शाळा उघडण्यापूर्वी मुलांची तपासणी व लसीकरण

मे महिना सरत आला की आपल्या बाजारपेठेत शाळेची चाहूल लागते. वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात, शिंप्याकडे गणवेशाचे कापड पडते, दप्तर, छत्री, रेनकोट यांची खरेदी सुरू होते. याच दिवसांत आम्हा डॉक्टरांकडेही एक निराळी गर्दी होते. शाळेचा, वसतिगृहाचा किंवा क्रीडा शिबिराचा छापील फॉर्म हातात घेऊन पालक येतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, एवढी फिटनेसची सही द्या." ज्याच्या फिटनेसचा दाखला हवा ते मूल पुष्कळदा बरोबर नसतेच. ते मामाच्या गावी आंबे खात असते. मी अशी सही करीत नाही, मुलाला घेऊन या असे सांगतो. काही पालक नाराज होतात. "पोरगं ठणठणीत आहे, उगाच खेपा कशाला?" हा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर मिळण्याचा त्यांना हक्क आहे. तेच आज द्यायचे आहे.

उत्तर थोडक्यात असे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे पाचव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या लसी. दुसरी म्हणजे मूल स्वतः कधीच सांगत नाही असे डोळ्यांचे, कानांचे, रक्ताचे आणि हृदयाचे दोष. दोन्ही गोष्टी अर्ध्या तासात कळतात आणि सरकारी केंद्रावर त्यांना एक पैसाही पडत नाही. राहून गेल्या तर मात्र किंमत फार मोठी मोजावी लागते.

दीड वर्षानंतर लसी संपत नाहीत

बाळ जन्मल्यापासून दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत आपल्याकडे लसीकरण आता चांगले होते. आशाताई घरी येऊन आठवण करतात, अंगणवाडीत सत्र असते, नर्सबाई कार्डावर तारीख घालून देतात. क्षयरोग, पोलिओ, कावीळ ब, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब, रोटा, न्यूमोनिया, गोवर आणि रुबेला अशा कितीतरी रोगांपासून संरक्षण याच काळात मिळते. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झाला की आई सुटकेचा श्वास टाकते आणि कार्ड ट्रंकेत जाते. ते पुन्हा बाहेर येत नाही.

खरे तर त्या कार्डावर पुढे आणखी तीन रकाने असतात. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीचा, म्हणजे पालक ज्याला ट्रिपल म्हणतात त्याचा, दुसरा बूस्टर. दहाव्या वर्षी टी.डी.चे इंजेक्शन. सोळाव्या वर्षी पुन्हा टी.डी. शाळेच्या भाषेत सांगायचे तर पहिली, पाचवी आणि दहावी. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी या लेखाचे निम्मे काम झाले. टी.डी. ही पूर्वीच्या टी.टी.च्या जागी आलेली लस आहे. टी.टी.मध्ये फक्त धनुर्वातापासून संरक्षण होते, टी.डी.मध्ये धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही मिळते.

"लहानपणी दिली ना, मग परत कशाला?" असे विचारले जाते. लस म्हणजे शरीराला रोगजंतूची करून दिलेली ओळख. काही लसींची ओळख शरीर वर्षानुवर्षे विसरत नाही. घटसर्प आणि धनुर्वात यांची मात्र काही वर्षांत पुसट होऊ लागते. दीड वर्षाच्या बूस्टरचा जोर मूल पाच-सहा वर्षांचे होईतो ओसरू लागतो. नेमक्या त्याच वेळी ते घराच्या अंगणातून उठून चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात जाऊन बसते. एकाच बाकावर तिघे, एकाच बाटलीतून पाणी, एकमेकांच्या तोंडावर खोकणे. पाचव्या वर्षीचा बूस्टर मुद्दाम या वेळी ठेवला आहे तो यासाठीच.

घटसर्प हा जुन्या काळचा रोग, तो आता कुठे राहिला, असे अनेकांना वाटते. दुर्दैवाने तो गेलेला नाही. आपल्या देशात तो अजून दिसतो आणि आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळकरी वयाच्या मुलांना अधिक होताना दिसतो. याचे एक मोठे कारण राहून गेलेले बूस्टर हेच आहे. या रोगाचे जंतू घशात बसून एक विष तयार करतात. घशात करड्या रंगाचा चिवट पडदा धरतो, मान सुजते, श्वास कोंडतो. विष रक्तात उतरले की हृदयावर आणि नसांवर परिणाम होतो. त्यावरचे प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितके चांगले, आणि ते प्रत्येक गावच्या दवाखान्यात ठेवलेले नसते.

काही वर्षांपूर्वी आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. चार दिवस ताप, घसा दुखणे, गिळता येत नाही. घशात टॉर्च टाकला तेव्हा तो पडदा दिसला. त्याच तासाला गाडी करून त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. कित्येक दिवस तो तिथे होता. वाचला, हे त्याचे आणि आईबापांचे नशीब. त्याची आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "डॉक्टर, आम्ही पोलिओचा एकही डोस चुकवला नाही हो." ती खरे बोलत होती. दर रविवारच्या मोहिमेला तिने त्याला बूथवर नेले होते. दीड वर्षापर्यंतच्या सर्व लसीही कार्डावर होत्या. पाचव्या वर्षाचा रकाना मात्र कोरा होता.

हा गैरसमज एका घरापुरता नाही. १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम घरोघर पोहोचली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ही फार मोठी कामगिरी आहे. पण त्या दोन थेंबांची सवय इतकी अंगवळणी पडली की "डोस दिला" म्हणजे सगळे दिले असे लोकांना वाटू लागले. पोलिओचे थेंब पोलिओपासून वाचवतात, घटसर्पापासून नाही.

गोवराचे प्रकरण

गोवर येऊन गेला की बरे, अशी आपल्या आजीच्या काळातली समजूत होती. त्या काळी लस नव्हती, तेव्हा मनाच्या समाधानासाठी ते ठीक होते. गोवरानंतर न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणे, क्वचित मेंदूला सूज असे उपद्रव होतात आणि कुपोषित मुलाच्या जिवावर बेतते. संसर्गात याचा हात धरणारा रोग क्वचितच. लस न घेतलेल्या मुलांमध्ये एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. म्हणून शंभरातील पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस झालेले असले तरच वर्ग सुरक्षित राहतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम शाळाशाळांतून झाली, ती अनेकांना आठवत असेल. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तेव्हा लस दिली गेली. त्यानंतर २०२० ची टाळेबंदी आली. लसीकरणाची सत्रे विस्कळीत झाली, पालकही बाळाला घेऊन बाहेर पडायला धजावत नव्हते. त्याचा परिणाम दोन वर्षांनी दिसला. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली.

टाळेबंदीच्या आगेमागे, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात जन्मलेली मुले आता शाळेच्या वयाची झाली आहेत. या मुलांची कार्डे पालकांनी विशेष काळजीने तपासावीत. गोवर-रुबेलाचे दोन डोस आहेत का? त्रिगुणी लसीचा दीड वर्षाचा बूस्टर आहे का? एखादा रकाना कोरा दिसला तर संकोच न करता केंद्रावर जावे. रुबेला हा रोग मुलांना किरकोळ वाटतो, पण गर्भवती स्त्रीला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर आघात होतो. आजची शाळकरी मुलगी उद्याची आई आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

पालकांच्या नेहमीच्या शंका

मधला डोस चुकला, तर सगळे पहिल्यापासून घ्यावे लागते का? नाही. जिथे थांबले तिथून पुढे सुरू करतात. आधी घेतलेले डोस वाया जात नाहीत. त्यामुळे "आता उशीर झाला, नर्सबाई ओरडतील" या भीतीने घरी बसू नये.

कार्ड हरवले तर? ज्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी झाल्या तिथल्या नोंदवहीत पाहता येते. कुठेच नोंद सापडली नाही, तर लस झालेली नाही असे धरून डॉक्टर पुढचे ठरवतात. एखादा डोस जास्त गेल्याने सहसा अपाय होत नाही, राहून गेल्याने होतो.

मूल सात वर्षांचे झाले आणि पाचव्या वर्षीचा बूस्टर राहिला आहे, आता काय? सात वर्षे पूर्ण झाल्यावर ती त्रिगुणी लस देत नाहीत, त्याऐवजी टी.डी. देतात. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस सरकारी केंद्रावर पाच वर्षांपर्यंत मिळतो. त्यापुढच्या वयाच्या मुलांसाठी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

सर्दी-खोकला असताना लस चालते का? साधी सर्दी, बारीक खोकला, किरकोळ जुलाब असतील तर लस टाळण्याचे कारण नाही. चांगला ताप असेल, मूल खरेच आजारी असेल तर बरे झाल्यावर द्यावी. पूर्वी एखाद्या लसीनंतर झटका आला असेल किंवा अंगावर गांधी उठून श्वास लागला असेल, तर ते आधी सांगावे.

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावे. त्या रात्री ताप येणे, दंड दुखणे, थोडी सूज हे अपेक्षित आहे. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. दंड चोळू नये, हळद किंवा चुना लावू नये.

आणखी एक. पडून खरचटले की लोक टी.टी.साठी धावत येतात. धनुर्वात लोखंडाच्या गंजाने होत नाही, मातीत आणि शेणात असलेल्या जंतूंमुळे होतो. म्हणून जखम आधी साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी आणि लस कधी झाली ते डॉक्टरांना सांगावे. ठरलेल्या वयाच्या लसी वेळेवर झालेल्या मुलाला दर खरचटण्याला सुई लागत नाही. कुत्रा चावल्यावर मात्र धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले म्हणजे झाले असे समजू नये. रेबीजची लस वेगळी असते आणि ती तातडीने घ्यावी लागते.

सरकारी यादीत नसलेल्या काही लसी खासगी दवाखान्यात मिळतात: गालगुंड, कांजिण्या, टायफॉइड, कावीळ अ. ऐपत असेल तर डॉक्टरांशी बोलून जरूर घ्याव्यात. पण आधी सरकारी यादीतल्या सर्व पूर्ण कराव्यात. महागडी लस घेतली आणि फुकटची राहिली, असे मी पुष्कळ पाहतो. मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एच.पी.व्ही.ची लस नऊ ते चौदा या वयात सर्वांत उपयोगी पडते. ती आपल्या भागातील सरकारी केंद्रावर मिळते का, हे आशाताईंना विचारावे.

मूल सांगत नाही, म्हणून तपासायचे

आता तपासणीकडे वळू. मोठ्या माणसाला दिसेनासे झाले तर तो म्हणतो, दिसत नाही. कारण पूर्वी कसे दिसत होते ते त्याला ठाऊक असते. मुलाचे तसे नसते. ज्याला पहिल्यापासून फळा धूसर दिसतो, त्याला वाटते फळा सर्वांना असाच दिसतो. तो तक्रार कशाची करणार? तो फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, बाईंचा धपाटा खातो आणि निकालपत्रावर "अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा मिळवतो. असा शेरा मिळालेली, चष्मा लागताच वर्गात पुढे आलेली मुले मी कितीतरी पाहिली आहेत.

काही मुलांच्या एकाच डोळ्यात दोष असतो. दुसऱ्या चांगल्या डोळ्यावर त्यांचे सगळे भागते, त्यामुळे घरात कोणालाच पत्ता लागत नाही. न वापरलेला डोळा हळूहळू मंद होत जातो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर तो चांगला सुधारू शकतो, पुढे सुधारणे कठीण होत जाते. म्हणून पहिलीत जाण्यापूर्वी प्रत्येक डोळा वेगवेगळा तपासणे फार महत्त्वाचे.

कानाचेही तसेच. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठते. दुखत नाही, वाहत नाही, फक्त ऐकू कमी येते. मूल टीव्ही मोठा लावते, हाक मारली तर वळत नाही, श्रुतलेखनात चुका करते. "ऐकत नाही" या तक्रारीखाली खरोखरच ऐकू न येणारी मुले दडलेली असतात. ज्याचा कान फुटून पू येतो, त्याच्या कानात तेल घालू नये आणि कान टोकरूही नये. तपासून घ्यावे.

दातांबद्दल एकच गोष्ट सांगतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात पडून तिची जागा मोकळी होत नाही, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. ती किडली की पुन्हा येत नाही.

यानंतर हृदय. पाच ते पंधरा या वयात घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा, असे दुखणे फिरते. याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. वेळीच ओळखले तर दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन पुढचे नुकसान टाळता येते. काही मुलांच्या हृदयात जन्मापासूनच छिद्र असते. छातीला नळी लावून दोन मिनिटे ऐकले तर असा संशय घेता येतो. खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, इतर मुलांपेक्षा लवकर दम लागणे, किंवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर क्रीडा स्पर्धेच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना ते कळलेच पाहिजे.

रक्ताचे पांढरेपण आपल्याकडे इतके सार्वत्रिक आहे की ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल आणि बारा ते चौदाच्या मुलामुलींत बाराच्या खाली असेल, तर तो रक्तक्षय होय. असे मूल लवकर थकते, चिडचिड करते, त्याचे वाचनात मन लागत नाही. माती किंवा खडू खाण्याची सवय हेही त्याचे लक्षण असू शकते. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढील मुलांना निळी. ती जेवणानंतर घ्यावी, तिच्यावर चहा पिऊ नये. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळणारी जंताची गोळीही चुकवू नये. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलची साधी रक्तचाचणी प्रत्येक मुलाची एकदा व्हायलाच हवी. त्यासाठीची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे.

याखेरीज उंची आणि वजन मोजावे. पाच ते दहा या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते आणि दोन-तीन किलो भरते. गेल्या वर्षीची पॅन्ट यंदाही तितकीच बसत असेल, तर बचत झाली म्हणून खूश होऊ नये, दाखवावे. उलट बाजूला, पोट सुटलेली मुलेही आता गावोगाव दिसतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का? मुलग्याच्या दोन्ही गोट्या खाली उतरल्या आहेत का? पाठीचा कणा सरळ आहे का? दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही ना? हे सारे पाहण्याला फारशी यंत्रे लागत नाहीत. उजेड, वजनकाटा, टेप, नळी आणि थोडी सवड पुरते.

शाळेत तपासणी होते, पुढे काय?

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. फिरत्या पथकाचे डॉक्टर अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना वर्षातून एकदा तपासतात. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि वाढीतील उशीर अशा चारही बाजूंनी पाहणी होते. पुढचे उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियासुद्धा, मोफत होऊ शकतात.

इतकी सोय असून मुले उपचाराविना का राहतात? माझ्या अनुभवात याची कारणे साधी आहेत. पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर असते. किंवा पथकाने "पुढील तपासणीस न्यावे" अशी चिठ्ठी दिलेली असते आणि ती दप्तराच्या तळाशी डब्याच्या तेलात भिजून जाते. किंवा चिठ्ठी घरी पोहोचते, पण पेरणीचे दिवस असतात आणि तालुक्याला जाण्याचा दिवस निघत नाही. माझी विनंती एवढीच की मुलाला विचारावे, "शाळेत डॉक्टर आले होते का? कागद दिला का?" आणि कागद असेल तर आठ दिवसांत त्यावर लिहिलेल्या ठिकाणी जावे. वर्गशिक्षकांनीही त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची नावे लिहून ठेवून जवळच्या आरोग्य केंद्राला कळवली तर फार मोठे काम होईल.

खासगी इंग्रजी शाळांतील पालकांसाठी एक सूचना. हे सरकारी पथक प्रामुख्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत जाते. आपली शाळा भरपूर फी घेते म्हणजे तिथे तपासणी होतच असेल, असे गृहीत धरू नये. चौकशी करावी, नसेल तर स्वतः नेऊन करून घ्यावी.

वसतिगृहात जाणारी मुले

दहावी-बारावीनंतर मुले शिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, पुण्याला, मुंबईला जातात. गादी, बादली, डबा सगळे बांधून दिले जाते. त्याबरोबर लसीच्या कार्डाची झेरॉक्स, रक्तगट आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे लिहिलेला कागद द्यावा. सोळाव्या वर्षाचे टी.डी. झाले का ते पाहावे. दमा असलेल्या मुलाने पंप लपवू नये, फिट येणाऱ्या मुलाने गोळी बंद करू नये, आणि ही गोष्ट वसतिगृहाच्या रेक्टरना व एका मित्राला माहीत असावी. "लोक काय म्हणतील" म्हणून हे दडवले जाते आणि मध्यरात्री झटका आला की भोवतालची मुले घाबरून जातात. पाळी सुरू झालेल्या मुलींचे हिमोग्लोबिन पाहूनच त्यांना पाठवावे.

घरच्या घरी काय करता येईल?

येत्या रविवारी पंधरा मिनिटे काढावीत. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून मुलाला दहा-बारा फुटांवर उभे करावे. एक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला सांगाव्यात, मग दुसरा. झाकताना डोळा दाबू नये. दोन डोळ्यांत फरक वाटला, किंवा भावंडाला वाचता येते ते याला येत नसेल, तर डोळे तपासून घ्यावेत. नंतर मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून हळू आवाजात दोन-चार शब्द बोलावे आणि ते त्याला म्हणून दाखवायला सांगावे. खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. तोंड उघडून मागच्या दाढा पाहाव्यात. या घरगुती पाहणीने डॉक्टरांची तपासणी टळत नाही, पण डॉक्टरांना नेमके काय सांगायचे ते पालकांना कळते.

मग ट्रंकेतले कार्ड काढावे आणि पाच, दहा व सोळा या वयांचे रकाने पाहावेत. मुलाचे वय उलटून गेले असेल आणि रकाना कोरा असेल, तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार विचारून घ्यावा व मुलाला घेऊन जावे. हे काम शाळा उघडण्यापूर्वी झाले तर उत्तम, नाही तर पहिल्या पंधरवड्यात जरूर करावे. पावसाची झड लागली, पेरणीची घाई सुरू झाली की पुढचे तीन महिने कोणालाच सवड मिळत नाही, आणि साथी नेमक्या त्याच दिवसांत येतात.